नऊ फुटांत एक फूट

काहीही उपयोग नसलेली वस्तू विकायची असेल, तर विकणाऱ्याचा आवाज चांगला लागतो. माझा होता. बँकेच्या नाट्यस्पर्धांत वीस वर्षं राजे, वकील आणि खलनायक रंगवून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. पंचेचाळिशी ओलांडून घरी बसलेल्या नटाला कुणी बोलावलं, तर भूमिका कसली हे तो विचारत नाही. मला बोलावलं पुण्यातल्या एका आर्किटेक्ट बाईंनी. दोन हजार सहा सालची ही गोष्ट.

बाई फॉली करत. फॉली म्हणजे बागेत उभी केलेली अशी वास्तू, जी दिसायला फार भारी आणि कामाला शून्य. जिना असतो, वर खोली नसते. मनोरा असतो, वर चढायची सोय नसते. बाईंनी अशा पाच फॉली काढल्या होत्या. प्रत्येक फॉली जगात फक्त तीनदा बांधली जाणार, चौथ्यांदा कधीच नाही. घेणाऱ्याला बाईंच्या सहीचं ड्रॉइंग मिळणार आणि फॉलीवर क्रमांकाची पितळी पाटी लागणार. लोक चित्र विकत घेतात, तशी हिंजवडीत कंपनी काढून वर आलेल्या माणसांनी मुळशीतल्या आपल्या फार्महाऊसवर अख्खी वास्तू घ्यावी, अशी कल्पना. अशा माणसांना बागेत फिरवायचं आणि समोरच्या रिकाम्या जागेत ती वास्तू नुसत्या शब्दांनी उभी करायची, हे माझं काम. मला ते इतकं आवडायचं की मी फुकटसुद्धा केलं असतं. बाईंना मात्र हे कधी सांगितलं नाही.

वर्षभर सगळ्यांनी माझं भाषण ऐकलं, चहा घेतला आणि गाडीत बसून निघून गेले. मग एकानं खरंच घेतली. हा गृहस्थ राहायला सूसला, कंपनी हिंजवडीत, आणि चित्रं जमवायचा नाद. त्याची जागा भरे गावाच्या रस्त्याला लागून होती. त्यानं पाचांतली सर्वांत साधी फॉली निवडली: काळ्या दगडाची एकच भिंत, मधोमध दार, दाराला ना कडी ना कोयंडा. अलीकडे बाग, पलीकडे थोडं गवत आणि मग डांबरी रस्ता. साधी म्हणालो खरी, पण तिच्यात एक मेख होती. ती भिंत रस्त्याच्या बाजूला झुकलेली हवी होती. नऊ फूट उंचीत एक फूट. बागेतून बघितली तर मागे रेललेली दिसेल, रस्त्यावरून बघितली तर अंगावर येईल.

ती बांधायला भऱ्यातलेच एक मिस्त्री घेतले. साठी उलटलेले, कमी बोलणारे. दगडावर हातोडी टेकवून आवाज ऐकायचे आणि मगच दगड उचलायचे. पिरंगुटपासून पौडापर्यंत शहरातून आलेल्या लोकांच्या फार्महाऊसची कुंपणं, विहिरींचे कठडे, शोषखड्डे यांतच त्यांची उमर गेली होती. बाईंनी कागद उलगडून त्यांना भिंत समजावली, तेव्हा त्यांनी तो कागद तिरका करून बघितला, मग मान तिरकी करून बघितला.

“मॅडम, ही पडंल.”

“पडणार नाही. मी हिशेब केलाय.”

“पडनार न्हाई म्हंता. मंग वाकडी कशापाई?”

बाईंनी कलेचं थोडं सांगितलं. मिस्त्री ऐकून घेत राहिले. नंतर बाईंनी लाकडाचा एक तिरका साचा त्यांच्या हातात दिला. भिंतीला तो टेकवायचा आणि त्याच्या सरळ कडेला ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, लावायचा, म्हणजे प्रत्येक थर तेवढाच झुकेल. मिस्त्रींनी साचा घेतला, बघितला आणि पायाशी ठेवून दिला. पाया आणि पहिला थर झालेला बघून बाई दुसऱ्या कामासाठी अहमदाबादला गेल्या, त्या महिनाभर.

आता त्या महिन्यात मिस्त्रींच्या डोक्यावर काय होतं ते सांगतो. गावच्या भैरवनाथाच्या देवळाला नवा सभामंडप व्हायचा होता, दगडाचा. पिरंगुटचा एक ठेकेदार टपून बसला होता आणि हे मिस्त्रीही. मिस्त्रींनी जन्मभर बाहेरच्यांची कुंपणं बांधली होती. स्वतःच्या गावात, रोज जाता-येता दिसेल असं त्यांच्या हातचं एकही काम नव्हतं. त्यांना तो मंडप हवा होता. इतका हवा होता की ते त्याबद्दल बोलत नसत. आमच्या भिंतीच्या बरोब्बर समोर एसटीचा थांबा होता. देवळाच्या समितीचे म्होरके, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, ते रोज सकाळी तिथं येऊन बसायचे. गाडीत बसायला नाही, नुसतेच.

भिंत पुरी झाली. घेणारा गृहस्थ सोमवारी परदेशी निघणार होता, म्हणून रविवारी सकाळी दहाला येऊन तो भिंत ताब्यात घेणार असं ठरलं. बाई शनिवारी रात्री परतणार होत्या. शुक्रवारी दुपारी मी एकटाच तिथं गेलो, माझ्या प्रवेशाची तालीम करायला. भाषणाच्या शेवटी मी दारातून पलीकडे जाणार, क्षणभर नाहीसा होणार आणि दोन्ही हात दाराच्या दोन बाजूंना टेकवून परत प्रकट होणार, असा बेत होता.

चार वेळा नाहीसा झालो आणि चार वेळा प्रकट झालो. पाचव्या वेळी दारातल्या सावलीत उभा राहिलो तेव्हा काहीतरी चुकतंय असं वाटलं. पायाशी भिंतीची जाडी चांगली अडीच फूट होती. खांद्याशी आलो की दगड लवकर संपत होता. बोटं पसरून मोजलं. दाराच्या माथ्याशी भिंत खालच्यापेक्षा एक वीत बारीक होती. मी रस्त्यावर जाऊन बघितलं. अंगावर येणारी भिंत म्हणून वर्षभर जिची वर्णनं मी केली होती, ती समोर सरळ उभी होती, शाळेत फळ्याशी उभ्या केलेल्या पोरासारखी. परत बागेत आलो. बागेतून मागे रेललेली, ड्रॉइंगमध्ये होती तशी.

मिस्त्री पलीकडे झाडाखाली हत्यारं धूत होते. मी जाऊन उभा राहिलो. मी काय बघून आलोय ते त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं.

“बागंच्या अंगाला मॅडमची हाय,” ते म्हणाले. “साचा लावून केलीया. एक सूत हिकडचं तिकडं न्हाई.”

“आणि रस्त्याच्या अंगाला?”

“त्या रस्त्यानं माजं गाव जातंया.”

“मिस्त्री, अहो, ही विकली गेलेली वस्तू आहे. तो माणूस झुकलेली भिंत घेतोय. दोन्हीकडून झुकलेली.”

“त्यो तिकडनं कवा बघतुया? त्यो बागंतच बसनार.” मग थोडं थांबून, “परवा आबा अन समितीची मानसं येनार हायती. आबा म्हनलं, मंडपाचं बोलायच्या आदी तुजं काम बगू. सकाळची पूजा झाली की येत्याल. तुमी दुपारपत्तुर गप ऱ्हावा, सायेब. मंग सांगा मॅडमला. मंग पाडा म्हनल्या तर पाडतो.”

“परवा? आमचीही माणसं परवाच येणार आहेत.”

“ठावं हाय.”

मी बाईंना फोन करायला हवा होता. इतकी वर्षं झाली तरी हे वाक्य मी दर वेळी स्वतःला नीट ऐकवतो. पण तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लपवून उपयोग नाही. एक भिंत, दोन बाजूंना दोन प्रेक्षक, दोघांना दोन वेगळी नाटकं दिसणार, आणि मधल्या एकुलत्या एक दारात मी. असा प्रसंग कुठल्याही दिग्दर्शकानं मला कधी दिला नव्हता. मी मिस्त्रींना म्हणालो, “दुपारपर्यंत गप्प राहतो.” आणि घरी जाताना गाडीत चक्क गुणगुणत होतो.

रविवारी सकाळी ते गुणगुणणं पार आटलं होतं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना बाई आणि ते गृहस्थ एकाच गाडीतून उतरले. बाई खुशीत होत्या. ही त्यांची पहिली विक्री. लांबून भिंत बघून त्यांनी नुसता उसासा सोडला, तोसुद्धा सुखाचा. गृहस्थ बुटके, शांत, पांढरे बूट घातलेले. त्यांनी हात मागे बांधले आणि भिंतीकडे बघत राहिले. मिस्त्री कोपऱ्यात परांचीचे बांबू लावून ठेवले होते तिथं उभे होते.

मी सुरू केलं. आवाज चढवला, उतरवला, थांबलो, परत उचलला. एरवी जे भाषण आठ मिनिटांत होई ते मी पंधरा मिनिटं खेचलं. तेवढ्यात माझ्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, चपलांचे आवाज आले आणि खाकरणं आलं.

गृहस्थ दाराकडे निघाले.

मी त्यांच्याआधी दारात पोचलो आणि दोन्ही हात दोन बाजूंना टेकवले. “थांबा,” मी म्हणालो. “पितळी पाटी लागल्याशिवाय मालकानं या दारातून जायचं नसतं. तशी रीत आहे.”

“अशी रीत आहे?” गृहस्थांनी बाईंना विचारलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. “मला माहीत नव्हती,” त्या म्हणाल्या.

माझ्या पाठीला घाम फुटला. आणि त्याच पाठीमागून, हाताच्या अंतरावरून, मला ते सगळं ऐकू येत होतं.

“ओळंबा सोड.”

“सोडला, आबा.”

“हालू दे. हालू दे. आता बग.”

“चिकटून हाय. वरपासनं खालपत्तुर.”

“केस जातुया का मदनं?”

“न्हाई जायचा.”

कुणीतरी कौतुकानं जीभ वाजवली. इकडे कोपऱ्यात मिस्त्रींनी डोळे मिटलेले मला दिसले. मला वाटलं, जमलं. आता ते जातील, मग हे जातील, आणि संध्याकाळी मी बाईंना सगळं रंगवून सांगेन. तेवढ्यात माझ्या खांद्यावर मागून एक काठी हळूच टेकली.

“पाव्हनं, जरा सरकता का? आतल्या अंगानं बगायची हाय.”

आता या माणसाला कुठली रीत सांगायची? मी सरकलो. आबा दारातून वाकून आत आले, त्यांच्यामागे समितीतले दोघे. गृहस्थांनी त्यांना नमस्कार केला, त्यांनीही केला. मग आबा भिंतीकडे वळले आणि मान हळूहळू मागे नेत वर बघायला लागले.

बाई दाराशी आल्या होत्या. त्यांनी तळहात दाराच्या आतल्या दगडावर पायाशी टेकवला आणि वर सरकवत नेला, जिथवर पोचेल तिथवर. मग दुसरा हात पलीकडच्या कडेला लावला. दोन हातांमधलं अंतर त्यांनी नुसतं बघितलं. त्या दारातून बाहेर गेल्या. आम्ही सगळे इकडे उभे. पलीकडून त्यांचं पाऊल वाजलं नाही, काहीच नाही. फार वेळानं त्या परत आल्या.

दोघं एकदमच बोलले.

“मिस्त्री, ही वाकडी हाय,” आबा म्हणाले.

“मिस्त्री, ही सरळ आहे,” बाई म्हणाल्या.

गृहस्थांनी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं, दारातून जाऊन दोन्ही बाजू बघून आले आणि पहिल्यांदाच हसले. “इकडून एक, तिकडून दुसरी. हे ड्रॉइंगमध्ये होतं?”

मला संधी दिसली आणि मी उडी मारली. “अर्थात. हीच तर गंमत—”

“नव्हतं,” बाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. “ड्रॉइंगमध्ये हे नव्हतं.”

“पण मला आवडलं. मी हीच घेतो.”

“या भिंतीच्या कागदावर मी सही नाही करणार. ही माझी नाही.”

“मग मिस्त्रींची सही घ्या. त्यांनी केलीये ना? मला चालेल.”

सगळे मिस्त्रींकडे वळले. मी खोटं बोलत नाही, त्या क्षणी मिस्त्री हो म्हणाले असते तर भिंत विकली गेली असती, त्यांच्या नावाची पितळी पाटी लागली असती आणि बाईंना मुकाट्यानं गाडीत बसावं लागलं असतं. मिस्त्री पुढे आले.

“माजी न्हाई ती,” ते म्हणाले.

“आँ?” आबा म्हणाले. “तुजी न्हाई, बाईंची न्हाई. मंग कुनाची, एसटीची?”

समितीतला एकजण फिसकन हसला आणि गप्प झाला. आबा हसले नव्हते. ते काठीवर दोन्ही हात ठेवून मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होते.

“बाईंनी कशी सांगितली हुती?”

“दोनी अंगांनी झुकती.”

“अन तू?”

“तुमी बगनार म्हनून त्या अंगाला सरळ केली.”

“बाईंना इचारून?”

“न्हाई.”

“अन ह्ये पाव्हनं?” काठीचं टोक माझ्याकडे वळलं. “दारात हात पसरून हुबं हुतं, त्यास्नी ठावं हुतं?”

बाई आता माझ्याकडे बघत होत्या. मी वीस वर्षांत कधी संवाद विसरलो नाही. त्या दिवशी मी नुसती मान हलवली. हो, ठाऊक होतं.

मिस्त्री कोपऱ्यात गेले, परांची ओढून भिंतीला लावली, वर चढले आणि पहारीचं टोक सगळ्यात वरच्या दगडाखाली घातलं. चुना अजून पुरता धरला नव्हता. दगड सुटला. त्यांनी तो छातीशी धरून खाली आणला आणि गवतात ठेवला.

“काय करताय?” गृहस्थ म्हणाले. “अहो, मला आवडलीये.”

“मॅडमनी सांगितली तशी बांदतो.”

“आता?” आबा म्हणाले. “आता लाज न्हाई वाटायची?”

“तवाबी वाटत हुती. आताबी वाटतिया.” आणि ते परत वर चढले.

गृहस्थांनी बाईंना बाजूला नेऊन बरंच समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. शेवटी गृहस्थांनी एवढंच मान्य केलं की परदेशातून येईपर्यंत ते थांबतील. त्यांची गाडी गेली. समितीची माणसं दारातून पलीकडे गेली. बाई दगडावर बसून मिस्त्रींचं काम बघत राहिल्या. मी उभाच. बसायला कुणी सांगितलं नाही.

भिंत दारासकट खाली आली आणि परत चढायला लागली. याला तीन आठवडे लागले. मी रोज जायचो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवत नव्हतं. मिस्त्री आता साचा दोन्ही अंगांनी लावत होते, आणि भर दिवसा, रस्त्याकडे तोंड करून. समोरच्या थांब्यावर गावाला जन्मात मिळाली नसेल अशी करमणूक मिळाली.

“मिस्त्री, ओळंबा इकला काय?”

“टेकू आनू का रं? दोन वासं पडल्यात घरी.”

“आरं, भित न्हाई वाकडी, मिस्त्रीच वाकडा बसलाय.”

मिस्त्री वळूनही बघत नसत. एकदा मी चिडून रस्त्यावर जाऊन काहीतरी खणखणीत बोलणार, तर ते वरूनच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. तुमी बोललासा म्हंजी पुन्यांदा समदं इस्काटंल.”

आबा थांब्यावर येऊन बसत. हसत नसत आणि हसणाऱ्यांना गप्पही करत नसत. पंधराव्या दिवशी, भिंत दाराच्या वर गेल्यावर, ते रस्ता ओलांडून आले. त्यांनी मिस्त्रींकडूनच ओळंबा मागून घेतला, वरच्या दगडावरून खाली सोडला आणि दोरी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बोटं घालत थराथरानं खाली आले. वरच्या थराला दोरी दगडाला लागलेली होती. त्याखाली दोन बोटं. मग तीन. मग चार. दरवेळी तेवढंच जास्त. तळाच्या थरापाशी ते गुडघे धरून बसले, तिथं सगळा पंजा मावला. मिस्त्री थापी हातात धरून थांबले होते.

आबांनी उठून ओळंबा परत दिला.

“समितीत काल बोलनं झालं,” ते म्हणाले. “मंडपाचं खांब ठेकेदार करनार. जोतं तू कर.”

मिस्त्रींनी ओळंब्याची दोरी बोटांवर गुंडाळली.

“ऐकलंस का? जोतं.”

“व्हय.”

“वाकडी बांदायची हाय म्हनून आदीच येऊन सांगितलं असतंस, तर खांबबी तुलाच हुतं. मीच रोज बसत हुतो न्हवं तितं. सांगायला किती लांब हुतो मी?” त्यांनी काठीनं थांब्याकडे दाखवलं. खरंच, चाळीस पावलं असतील.

ते गेल्यावर मिस्त्री बराच वेळ थापीवरचा चुना बोटानं काढत राहिले. जोतं म्हणजे मंडपाचा तळचा दगडी चौथरा, ज्यावर सगळे चालणार आणि ज्याकडे कुणी बघणार नाही. मला काहीतरी बोलायचं होतं. शुक्रवारी दुपारी मी बाईंना फोन केला असता, तर भिंत रविवारच्या आत उतरायला लागली असती आणि आबांना ती उघडी, अर्धी, झुकलेली दिसली असती, लपवण्यासारखं काही उरलं नसतं. हे मिस्त्रींना मी सांगायला गेलो.

“तुमाला मीच गप बशिवलं,” ते म्हणाले. “अन तुमी बसलासा. दोगांचं मिळून झालं ह्ये.” आणि पुढच्या दगडाला हातोडी टेकवली.

भिंत झाली. बाईंनी दोन्ही बाजूंनी, दारातून, वरून खाली हात फिरवला आणि कागदावर सही केली. परत आलेल्या गृहस्थांनी ती घेतली. घेताना जरा हिरमुसलेले होते, आधीचीच जास्त मजेदार होती असं मला हळूच म्हणाले. बाईंनी मला परत कामाला बोलावलं, चार महिन्यांनी. पण त्यानंतर प्रत्येक भाषणाआधी त्या विचारायच्या, “मला माहीत नाही असं काही आहे का?” आणि मी नाही म्हणालो तरी दोन क्षण माझ्याकडे बघत राहायच्या.

पुढच्या दिवाळीआधी मी देवळाकडे गेलो. जोत्याचं काम चालू होतं. चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकून सुतळी ताणलेली होती आणि मिस्त्री ओणवे होऊन तिच्याखाली पहिला दगड बसवत होते. मी जवळ गेलो आणि सुरुवात केली: गृहस्थांकडे पाहुणे येतात ते त्या भिंतीपाशीच फोटो काढतात, हिंजवडीहून माणसं मुद्दाम बघायला येतात, एकानं तर विचारलं की हे काम केलं कुणी, आणि मी—

“सायेब,” मिस्त्री मान वर न करता म्हणाले, “जरा त्या अंगाला हुबं ऱ्हावा. तुमची सावली सुतळीवर पडतिया.”

मी सरकलो.